सहाच्या सहा पट्ट्या सारख्याच

मागच्या आठवड्यात एकदा रात्री साडेअकराला भाचीचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटांचा होता आणि त्यातली पहिली दोन मिनिटं ती फक्त आपल्याला काय काय आवडतं तेच सांगत होती. गणित आवडतं, प्राणी आवडतात, चित्रं काढल्याशिवाय करमत नाही, जर्मन शिकतेय ते मधेच सोडायचं नाहीये, आणि वादविवाद स्पर्धेत बोलायला उभी राहिली की अंगात काहीतरी संचारतं म्हणून लॉचा पण विचार डोक्यात आहे. मग आवाज एकदम बारीक झाला. "मावशी, माझ्या सगळ्या मैत्रिणींचं ठरलंय गं. माझंच काही ठरत नाही. माझ्यात काहीतरी कमी आहे का?"

बाकी सगळं राहू दे, पण हे शेवटचं वाक्य ऐकून मला झोप लागली नाही, कारण हेच वाक्य मी तिच्या वयाची असताना मनात कितीतरी वेळा म्हटलंय, फक्त मला ते कुणाला पाठवायची हिंमत झाली नव्हती. तिला मी सकाळी फोन केलाच, पण फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

मी सतरा वर्षांची असताना घरच्यांनी माझी अॅप्टिट्यूड टेस्ट करून घेतली. खरं तर ती आवडीनिवडींची टेस्ट होती, क्षमतेची नाही, पण घरात सगळे तिला अॅप्टिट्यूडच म्हणायचे. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर सहा उभ्या पट्ट्या होत्या. हाताने करायची कामं, शोध घ्यायची कामं, कलेची, माणसांना मदत करायची, लोकांना पटवून पुढे न्यायची, आणि सहावी म्हणजे नोंदी-हिशोब नीट ठेवायची कामं. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये जो सिद्धांत मांडला त्यातून हे सहा प्रकार आलेत आणि आजही बऱ्याच टेस्ट त्यावरच उभ्या आहेत. पद्धत अशी की ज्या तीन पट्ट्या सगळ्यात उंच, त्यावरून तुमचं क्षेत्र सुचवायचं. माझ्या सहाच्या सहा पट्ट्या जवळजवळ सारख्याच उंचीच्या. काउन्सेलर हसून म्हणाले, "ऑलराउंडर आहे, काहीही करू शकेल." आई खूश झाली. मी मात्र घरी येईपर्यंत गप्प होते, कारण काहीही करू शकेल हे उत्तर नव्हतंच, माझा जो प्रश्न होता तोच मला परत दिला होता, वर छान कव्हर घालून.

नंतर खूप वर्षांनी कळलं की अशा सपाट रिपोर्टचा विचार हॉलंडने स्वतःच करून ठेवलाय, पट्ट्यांमध्ये फरक कमी असणं ही त्या सिद्धांतातली एक ठरलेली गोष्ट आहे. सपाट रिपोर्ट दोन तऱ्हेचा असू शकतो. एक उंच सपाट, म्हणजे सगळंच भरपूर आवडतं. दुसरा बुटका सपाट, म्हणजे अजून कशातच जीव रमलेला नाही, किंवा तेवढं करूनच बघितलेलं नाही. दोघांना लागणारा सल्ला वेगळा. दुसऱ्याला आधी वेगवेगळ्या गोष्टी करून बघायला सांगावं लागतं. पहिल्याने त्या आधीच करून बघितलेल्या असतात, त्याला हवं असतं ते निवडायचं कसं हे. हे मला तेव्हा कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तरी माझ्यात काही कमी नाहीये एवढं तरी कळलं असतं. म्हणून भाचीला पहिलं हेच सांगितलं, की तुझा रिपोर्ट काढला तर उंच सपाट येईल, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मी घेतलं फिजिक्स. कारण? आकाशावरच्या डॉक्युमेंटरी. ताऱ्यांचा जन्म, कृष्णविवरं, प्रकाश वाकतो वगैरे, मी तासन्तास बघायचे. शिवाय सगळे म्हणायचे की फिजिक्समधून कुठेही जाता येतं, ऑप्शन ओपन राहतात. हे ऑप्शन ओपन ठेवणं मोठं फसवं प्रकरण आहे आणि त्यावर पुढे बोलतेच, पण आधी लॅबमधली एक दुपार सांगते कारण माझं खरं ठरलं ते तिथे.

प्रॅक्टिकल होतं साध्या लोलकाचं, सगळेच करतात ते. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद लागतात. मी आणि माझी पार्टनर आळीपाळीने रीडिंग घेत होतो. माझी आली चाळीस पूर्णांक एक, चाळीस, चाळीस पूर्णांक दोन, अशी जवळजवळ. तिची एकोणचाळीस पूर्णांक सहा, मग चाळीस पूर्णांक पाच, मग परत खाली. ती म्हणाली सरासरी काढ आणि जर्नल लिहून मोकळी हो, सगळ्यांची बॅग भरून झाली होती. माझा पाय निघेना. तिचीच का विखुरतायत? मी तिला परत मोजायला लावलं आणि बाजूला उभी राहून नुसती बघत बसले, तेव्हा दिसलं की ती घड्याळ सुरू करते ते गोळा एका टोकाला पोचला की, आणि मी करत होते तो मधून जाताना. टोकाला गोळा जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे नेमका कुठल्या क्षणी पोचला हे डोळ्याला पकडताच येत नाही. मधे त्याचा वेग सगळ्यात जास्त, तो खुणेवरून गेला की गेला, शंकेला जागाच नाही. मी दोघींच्या रीडिंगचे वेगळे तक्ते केले, दोघींचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रीडिंग सरासरीपासून किती विखुरतात ते, काढलं, दोन पानं लिहिली. लॅब बंद करायला आलेल्या मॅडम ते वाचून म्हणाल्या, "तुला लोलकात काही रस नाहीये बरं का. तुला आकडे का हलतात यात रस आहे."

तेव्हा मला थोडं लागलंच ते. पण खरं होतं. दीड वर्षात मी जेवढी प्रॅक्टिकल्स केली त्यात यंत्र लावायला, लेन्स सरळ रेषेत आणायला, जोडणी परत परत सोडून करायला मला नको व्हायचं, पार्टनर ते आनंदाने करायची, आणि शेवटचं एररचं पान जे सगळे एकमेकांचं बघून उतरवायचे ते मी एकटी मन लावून लिहायचे. कृष्णविवरांवरची आवड खोटी नव्हती. पण कृष्णविवरांवर काम करणाऱ्या माणसाचा मंगळवार कसा जातो हे मला माहीतच नव्हतं.

माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीभोवती आहे. ज्याला खूप गोष्टी आवडतात त्याला 'तुला सगळ्यात जास्त काय आवडतं' हे विचारून उपयोग नसतो, त्याचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, आणि प्रत्येक वेळी ते मनापासूनच असतं. त्याला विचारायला पाहिजे की यातलं कुठलं कंटाळवाणं काम तू न कंटाळता करशील. प्रत्येक विषयाला एक दर्शनी खोली असते आणि एक मागची. दर्शनी खोलीत सगळेच सुंदर दिसतात. मागच्या खोलीत वकील जुने निकाल वाचत असतो, तारखा आणि कलमं जुळवत असतो, एकाच मसुद्याचा सातवा खर्डा करत असतो, आणि उभं राहून बोलायची वेळ त्या मानाने फार थोडी असते. जीवशास्त्राच्या मागच्या खोलीत तोच द्रव त्याच छोट्या नळ्यांमध्ये शेकडो वेळा भरायचा असतो आणि तरी तीन आठवड्यांनी प्रयोग फसलेला असतो. प्रोग्रामरचा बराचसा दिवस दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून तो असा का वागतोय हे शोधण्यात जातो. भाषांतरकार एका शब्दासाठी दोन तास घालवतो, नाहीतर पाचशे पानांत तीच संज्ञा सगळीकडे सारखी आलीय ना हे तपासत बसतो. आर्किटेक्ट जिना चार इंच सरकला म्हणून सगळे नकाशे परत काढतो. यातलं कुठलं काम वाचताना 'हे चालेल की' असं वाटलं, ते बघायचं. आवडी दहा असतील, पण न कंटाळता करता येईल असा कंटाळा एखाद-दुसराच निघतो.

यावर २०१८ मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या तिघांनी केलेला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. काही लोक मानतात की आवड ही आत कुठेतरी तयारच असते, फक्त शोधायची. काही मानतात की आवड हळूहळू वाढवावी लागते. या लोकांना त्यांनी आधी कृष्णविवरांवरचा (हो, कृष्णविवरांवरचाच!) एक रंजक व्हिडिओ दाखवला, सगळे भारावले. मग त्याच विषयावरचा एक अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड तयारच असते असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त घसरला. म्हणजे 'तुझं पॅशन शोध' हा जो सल्ला सगळीकडे वाटला जातो तो ऐकून मुलं वाट बघत बसतात की एक दिवस काहीतरी सापडेल आणि मग अवघड वाटणारच नाही. आणि अवघड वाटलं की लगेच वाटतं, अरे हे नाही वाटतं आपलं. खूप आवडी असणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण सोडून पळायला शेजारी दुसरी आवड तयारच असते. मी पण पळालेय असं, गिटारकडून तबल्याकडे आणि तबल्याकडून कोडिंगकडे, जिथे जिथे पहिली खरी चढण लागली तिथून.

मग मी फिजिक्स सोडून स्टॅटिस्टिक्स, म्हणजे संख्याशास्त्र, घेतलं ते फिजिक्स अवघड वाटलं म्हणून का? हा प्रश्न मी स्वतःला खूप छळून विचारला आणि उत्तर नाही असं आलं, कारण स्टॅटिस्टिक्सही तितकंच अवघड होतं, किंबहुना जास्तच. फरक एवढाच की तिथे अडले तरी खुर्चीतून उठावंसं वाटत नव्हतं. ही खूण मला अजून तरी कधी चुकीची वाटलेली नाही.

बदल करताना मात्र मार बसला. ऑफिसमध्ये विचारलं तेव्हा, झालेले सगळे पेपर धरले जातील, असं तोंडी सांगितलं. अॅडमिशन झाल्यावर कळलं तीन पेपर धरणार नाहीत, ते परत करा, आणि एक पूर्ण वर्ष गेलं. लेखी काहीच नव्हतं हातात. त्यामुळे कुठल्याही कोर्सला जाण्याआधी चार गोष्टी विचारा आणि ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. विषय बदलायची शेवटची तारीख कधी. बदलला तर आधीचे क्रेडिट किती धरले जातात. बाहेरच्या विभागाचा विषय मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येतो का, आणि खरंच घेता येतो का, की कागदावर आहे पण तास एकाच वेळी लागतात. हे चौथं जरा अवघड आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली दोन मुलं गाठून विचारा की आठवड्यातले सगळ्यात जास्त तास कशात जातात. प्रॉस्पेक्टसमध्ये हे कधीच नसतं.

आणि बदल करणं म्हणजे अपयश नाही हे आकड्यांनी पण सांगते, माझा धंदाच तो आहे. अमेरिकेत २०११-१२ ला कॉलेजला लागलेल्या विद्यार्थ्यांची सरकारी पाहणी आहे, त्यात बॅचलर्स करणाऱ्या साधारण एक तृतीयांश मुलांनी पहिल्या तीन वर्षांत मुख्य विषय बदलला होता. सुरुवातीला गणित घेतलेल्यांत तर ५२ टक्क्यांनी. दुसरं उदाहरण ब्रिटनचं. इंग्लंडमध्ये अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो, स्कॉटलंडमध्ये डिग्री चार वर्षांची आणि पहिली दोन वर्षं बरीच मोकळी. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने दोन्हीकडच्या पदवीधरांची तुलना केली तेव्हा दिसलं की लवकर ठरवायला लागलेले इंग्लंडवाले पुढे आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या कामात जास्त प्रमाणात गेले. ज्याला करून बघायला वेळ मिळाला तो आपल्या विषयात टिकला. तेव्हा ज्यांच्या सहा पट्ट्या सारख्या आहेत त्यांनी, शक्य असेल तर, पहिलं वर्ष रुंद असलेला कोर्स घ्यावा, नाव थोडं लहान असलं तरी. हे माझं ठाम मत आहे.

आता ऑप्शन ओपन ठेवण्याबद्दल. रुंद पहिलं वर्ष वेगळं आणि सगळी दारं उघडी राहावीत म्हणून कशातच आत न शिरणं वेगळं. दारं सगळी सारखी नसतात. काही दारांना कुलूप आहे आणि किल्ली फक्त डिग्री, म्हणजे डॉक्टर, प्राण्यांचा डॉक्टर, आर्किटेक्ट, वकील. तिथे परवाना किंवा सनद लागते, घरी बसून कितीही शिकलात तरी कुणी रुग्णाला हात लावू देणार नाही. काही दारांना कुलूप नाही पण आत यंत्रसामग्री आहे, रसायनशास्त्राची लॅब घरात नाही उभारता येत. काहींना एक चांगला शिक्षक लागतो, उदाहरणार्थ गणित, कारण एकट्याने करताना आपली सिद्धता चुकलीय हे आपल्याला दिसतच नाही, दुसऱ्या कुणीतरी लाल पेनने दाखवावं लागतं. आणि काही दारं आयुष्यभर उघडीच असतात. चित्रं काढायला डिग्री लागत नाही. जर्मनच्या तर ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या ठरलेल्या आहेत, कुठल्याही वयात एकेक पातळी चढता येते, डिग्री काहीही असली तरी. मग डिग्रीची तीन-चार-पाच वर्षं कशावर घालवायची? जे तिच्याशिवाय होऊच शकत नाही त्यावर. हे जेव्हा भाचीला म्हटलं तेव्हा ती जरा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे पाचातली दोन तर आपोआपच बाहेर गेली." मी म्हटलं बाहेर नाही गेली गं, कॉलेजच्या अर्जातून बाहेर गेली फक्त.

दिशेचा पण विचार करावा लागतो. गणिती विषयाकडून दुसरीकडे जाणं त्या मानाने सोपं, उलटं जाणं कठीण, असं मी माझ्या आजूबाजूला तरी बघितलंय. वेंकी रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये फिजिक्सची पीएचडी केली आणि मग त्यांना जीवशास्त्र करावंसं वाटलं. पीएचडी हातात असलेला माणूस परत पहिल्यापासून विद्यार्थी म्हणून जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. मला त्यातलं नोबेल नाही तर ते परत वर्गात जाऊन बसणं महत्त्वाचं वाटतं.

अशा गप्पांत कुणीतरी लगेच लिओनार्डो दा विंचीचं नाव काढतं, आणि त्याने कुणाचाच फायदा होत नाही असं मला वाटतं. मोठ्या लोकांचं काय काय येत होतं याच्या याद्या करण्यापेक्षा त्यांचा आठवडा कसा बसवला होता ते बघावं. दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. पोटापाण्याचं काम गणित शिकवण्याचं आणि संशोधनाचं. पण तेच हत्यार घेऊन ते जुन्या नाण्यांकडे गेले. चलनात फिरणारं नाणं झिजतं, जितकं जास्त फिरेल तितकं सरासरी वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो, म्हणून त्यांनी प्राचीन नाणी बारीक तराजूवर एकेक करून तोलली आणि वजनांवरून त्यांचा काळाचा क्रम लावायचा प्रयत्न केला. एकेक नाणं! इतिहासाची आवड आणि गणिताची आवड दोन्ही एका तराजूत आल्या, आणि मागच्या खोलीतलं काम म्हणजे शेकडो वेळा वजन करून आकडा लिहिणं. जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र जनुकशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरतात. मी स्टॅटिस्टिक्सला आल्यावर हे वाचलं आणि मला घर मिळाल्यासारखं झालं. कारण या विषयाला स्वतःचं अंगण लहान आणि दुसऱ्यांच्या सगळ्या अंगणांत जायची मुभा आहे. गेल्या काही वर्षांत मी पक्ष्यांच्या गणनेवर, ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या चाचण्यांवर आणि एका शब्दकोशाच्या प्रकल्पावर काम केलंय, तिन्हीकडे आकडे का हलतात एवढंच बघायला.

पण प्रत्येकाचं असं एका तराजूत येत नाही आणि 'सगळ्या आवडींमागचा समान धागा शोधा' हा जो सल्ला असतो तो मला जरा घाईचा वाटतो. कधीकधी धागा नसतोच. अलेक्झांडर बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि संगीतकारही. लॅब आणि विद्यार्थी सांभाळून उरलेल्या वेळात, सुट्टीत, आजारपणात तो संगीत लिहायचा. त्याने त्याचा सगळ्यात गाजलेला ऑपेरा १८६९ मध्ये लिहायला घेतला आणि १८८७ मध्ये तो वारला तेव्हा ऑपेरा अपुराच होता, नंतर रिमस्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांनी तो पुरा केला. अठरा वर्षं. दोन्ही मनापासून केलं तर याची किंमत अशी असते, ती आधीच माहीत असलेली बरी. काहींचं मग पुढे सरकतं. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, नाटक बरोबरीने चालू होतं, आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी पूर्ण वेळ रंगभूमी धरली. अनिल अवचट डॉक्टर झाले आणि आयुष्य लेखनात घालवलं, शिवाय ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीव काम हे सगळं हाताशी. त्यांच्या बाबतीत कुणी म्हणत नाही की डिग्री चुकली. अठराव्या वर्षी भरलेला फॉर्म चाळिसाव्या वर्षापर्यंत आपल्यावर राज्य करत नाही, एवढंच मला यातून दिसतं.

घरच्या परिस्थितीबद्दल बोलल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल, किंवा घरी लवकर पैसे द्यायचे असतील, तर ज्यात लवकर आणि नक्की कमाई आहे ते घेणं यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. 'मनाचं ऐक' हे सांगणं सोपं असतं ज्याला भाडं भरायचं नसतं त्याला. फक्त त्यातही मागच्या खोलीचा प्रश्न विचारा, कारण पगार चांगला पण रोजचं काम नकोसं असेल तर माणूस बाकीच्या आवडींसाठी संध्याकाळी शिल्लकच राहत नाही. आणि सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसायचा मोह पण आवरा. २००६ मध्ये पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, शीना अय्यंगार आणि सहकाऱ्यांचा. जी मुलं सर्वोत्तमच हवं म्हणून सगळे पर्याय चाळत राहिली त्यांना सुरुवातीचा पगार वीस टक्के जास्त मिळाला, पण समाधान मात्र कमीच, शोधतानाही आणि मिळाल्यावरही. ज्याला सगळंच आवडतं त्याला तर सोडलेलं प्रत्येक दार दिसत राहतं.

ते दिसतं, आणि दुखतं. मी चित्रं सोडली. ठरवून नाही, सुटत गेली. सहा वर्षं ब्रशला हात लावला नाही, आणि परत धरला तेव्हा हात लाकडासारखा झाला होता, साधं पान काढलं तर शीर जिथे वळायला पाहिजे तिथे वळेना. त्या दिवशी मी खूप रडले. आता रोज वीस मिनिटं काढते, सकाळी, फोन बघायच्या आधी. सतरा वर्षांच्या मुलीचा हात अजून परत आलेला नाही. म्हणून भाचीला म्हटलं, जे अर्जात येणार नाही त्याला आत्ताच वेळापत्रकात जागा दे, वीस मिनिटं का होईना, कारण नंतर बघू म्हटलेलं नंतर तसंच सापडत नाही.

तिला मी एक काम दिलं. महिनाभर एक वही ठेवायची. त्यात आज काय आवडलं हे लिहायचंच नाही. कुठल्या कामात अडली आणि तरी उठली नाही, एवढंच लिहायचं. आणि जी दोन कुलूपवाली दारं आहेत तिथे प्रत्यक्ष जाऊन बसायचं, एका वकिलांच्या ऑफिसमध्ये दोन दिवस आणि एका प्राण्यांच्या दवाखान्यात दोन दिवस, पुढच्या टेबलाजवळ नाही, मागे.

वकिलांकडचं अजून व्हायचंय. दवाखान्यातून ती काल आली. संध्याकाळी फोन केला तर पहिलं वाक्य होतं, "मावशी, वास फार येतो गं." दिवसभर पिंजरे धुतले, नोंदवहीत वजनं लिहिली, आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा त्याच्या घरचे बाहेर बसलेले ते बघितलं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की एका मांजरीचं वजन तीन भेटींत हळूहळू कमी होत गेलेलं तिला वहीत दिसलं, कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून आधीची पानं उलटून बघितलं आणि डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले बरं झालं दाखवलंस.

"मग वहीत लिहिलंस का हे?" मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "मी त्यांना विचारून आलेय, उद्या पण येऊ का म्हणून. दोनच दिवस ठरले होते ना, पण मला त्या मांजरीचं उद्याचं वजन बघायचंय."